घंटा वाजली होती

कापलेली

दोरी झिजून तुटली नव्हती. कोणीतरी कापली होती.

संध्याकाळी शिफ्ट सुटली, माणसं हात धुवायला गेली, पुढच्या शिफ्टची माणसं आत आली आणि पाहतात तर लाइनच्या डोक्यावरून जाणारी पिवळी दोरी निम्म्यापासून खाली लोळत होती, कपडे वाळत घालायची दोरी तुटावी तशी. कोणी फार मनावर घेतलं नाही. गाठ मारली, लाइन सुरू झाली.

पुढच्याच आठवड्यात एका हॉस्पिटलच्या उतारावर, ब्रेक लावून उभी केलेली चाकांची खुर्ची आपली आपण निघाली. खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. खुर्ची याच लाइनवरची, आणि दोरी कापली त्याच दिवशीची.

मग सगळ्यांना दोरी आठवली. दोरी जिथे कापली होती त्याच्या खालीच बसणारी, ब्रेक बसवणारी मुलगी आठवली. प्लास्टिकच्या पट्ट्या कापायला तिच्या टेबलाला टांगलेली कात्री आठवली. पात्यांच्या सांध्यात एक पिवळा धागाही सापडला.

सगळं इतकं छान जुळत होतं की मॅनेजरने तिला काढून टाकायचं पत्र टाइप करून ठेवलं. फक्त सही बाकी होती.

पहिला का: खुर्ची का निघाली?

हॉस्पिटलने अट घातली होती: बाहेरचा माणूस तपास करेल, तरच पुढच्या खुर्च्या घेऊ. म्हणून काका आले.

काका कोणाचे काका नव्हते. प्रत्येक गोष्टीवर ते ‘का?’ विचारायचे आणि उत्तर मिळालं की त्यावर पुन्हा ‘का?’. त्यावरून हे नाव पडलं. नातं नव्हतं, सवय होती. कारखान्यातली ती पिवळी दोरी त्यांनीच काही वर्षांपूर्वी बसवून घेतली होती.

मॅनेजर दारातच भेटला. त्याचंही नाव पडलेलं होतं: आजच. कारण त्याला सगळं आजच हवं असायचं.

“काका, तपास संध्याकाळपर्यंत उरकेल ना? पत्र आजच द्यायचंय.”

“खुर्ची का निघाली?”

“ब्रेक सुटला.”

“का?”

“आतली स्प्रिंग नरम निघाली. भांडारातून चुकीचा खोका आला होता. दिसायला हुबेहूब तशीच, पण बोटाने दाबली की लोण्यासारखी.”

“म्हणजे बोटाने दाबली की कळतं.”

“तेच तर म्हणतोय मी! ती पोरगी दिवसभर बोटांनीच बसवते. तिला कळलं नाही? कळलं. कंटाळा केला. मग अंगाशी येणार म्हटल्यावर दोरी कापली. आता म्हणायला मोकळी, मी ओढली होती हो, पण दोरीच तुटलेली.”

“ती तसं म्हणते?”

आजच साहेबांनी हात झटकला. “दुसरं काय म्हणणार?”

“म्हणजे तुम्ही विचारलं नाही.”

दुसरा का: नरम स्प्रिंग पुढे का गेली?

लाइन तशी छोटी. पुढच्या टोकाला गटप्रमुखाचं टेबल, तिथेच भिंतीवर घंटा आणि दिव्यांचा फळा. मग सांगाडा, मग चाकं, मग ब्रेक, मग रिव्हेटचे खिळे ठोकायची जागा, शेवटी पॅकिंग. दोरी सगळ्यांच्या डोक्यावरून. चूक दिसली की ओढायची. फळ्यावर आपल्या जागेचा दिवा लागतो, घंटा वाजायला लागते. गटप्रमुख येतो, बघतो, ठीक असेल तर दोरी पुन्हा एकदा ओढतो. घंटा बंद, दिवा बंद, काम पुढे. कोणीच दुसऱ्यांदा ओढली नाही, तर लाइन आपोआप थांबते.

आणि एक नियम कागदावर नसलेला, काकांनी पहिल्या दिवशी सगळ्यांच्या देखत दिलेला शब्द: जो ओढेल त्याला कोणी ओरडणार नाही. गटप्रमुखाने आधी त्याच्याजवळ जाऊन आभार मानायचे, मग विचारायचं.

दोरी कापली होती ती चाकं आणि ब्रेक यांच्या मध्ये. म्हणजे ब्रेकवाली, रिव्हेटवाला आणि पॅकिंग हे तिघे मेलेल्या बाजूला.

गटप्रमुखाला सगळी लाइन ताई म्हणायची. ब्रेकवाली तर म्हणणारच, कारण ती तिची सख्खी धाकटी बहीण. आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं, शिकवलं, इथे चिकटवलं. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच डब्यातून जेवायच्या.

“काका, माझ्या बहिणीने कंटाळा केला असं मी मरेपर्यंत मानणार नाही,” ताई म्हणाली. डोळे लाल होते. “तिने ओढलीच असणार. पण दोरी त्याआधीच कोणीतरी कापलेली. घंटा वाजणार कशी? मला कळणार कसं? माझ्या हातात असतं तर धावत गेले असते.”

“कापली कोणी असेल?”

“कोणाला माहीत. मत्सर करणारे काय कमी आहेत? या महिन्यात आमची लाइन एकदाही थांबली नव्हती. फाटकावर फळा लागलाय, बघितलात ना? ‘थांबे: शून्य’. महिना पुरा झाला की सुपरवायझरची जागा मला मिळणार होती.”

“थांबे शून्य,” काका हळूच म्हणाले. त्यांनी दोरी बसवली होती ती थांबता यावं म्हणून. “ही कल्पना कोणाची?”

“आजच साहेबांची. का?”

काकांनी या एका ‘का’चं उत्तर दिलं नाही. ते धाकटीकडे गेले.

तिसरा का: लाइन का थांबली नाही?

“ओढली होती?”

“ओढली होती.”

“आणि घंटा वाजली नाही.”

“वाजली.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पोरी, नीट ऐक. वाजली नाही म्हणालीस तर तू सुटतेस. दोरी तुटलेली होती, तू काय करणार?”

“माहितेय. पण वाजली.” तिने मान वर केली नाही. “दिवा पण लागला. थोडी वाजली आणि बंद झाली.”

“बंद का झाली?”

“कोणीतरी दुसऱ्यांदा ओढली असेल.”

“कोणी?”

धाकटीने टेबलावरची एक स्प्रिंग उचलून खोक्यात टाकली.

“कोणी जवळ आलं? आभार मानले?”

“नाही.”

“मग तू परत का ओढली नाहीस?”

तिने ओठ दाताखाली धरला. मागे पट्टा सरकत होता, रिकाम्या खुर्च्या एकामागून एक पुढे चालल्या होत्या.

“काका,” ती म्हणाली, “माझं पत्र तयार आहे ना? मग द्या की. कशाला उकरताय?”

फक्त उत्तरं (प्रश्न काढून टाकले आहेत, रिव्हेटवाल्याला प्रश्न लागत नाहीत)

मला ठोक्या म्हणतात. दिवसभर ठोकतो म्हणून. बायको म्हणते बोलताना पण ठोकतोस.

— नाही हो, मी कशाला कापू? दोरी माझ्या बापाची थोडीच आहे!

— पोरगी? सोन्यासारखी आहे. पण हट्टी. मागे एकदा चाकाचा बोल्ट बरा वाटेना म्हणून ओढली. आजच साहेब आले, म्हणाले ठीक आहे, आणि बंद केली. हिने परत ओढली. त्यांनी परत बंद केली. हिने परत ओढली! साहेब लालबुंद. बोल्ट खराबच निघाला. तेव्हापासून साहेब तिच्याकडे बघतात ते मांजर व्हॅक्यूम क्लीनरकडे बघतं तसं.

— त्या दिवशी घंटा? ऐकली असेल, नसेल. थोडी थोडी तर दिवसभर वाजते. टणटण झाली आणि थांबली की आम्ही मान पण वळवत नाही. लांबली तरच बघतो.

— त्या दिवशी पाहुणे होते ना! सकाळी. पुढच्या टोकाला सूटबूटवाले उभे. आजच साहेब त्यांना दाखवत होते, बघा, कशी पाण्यासारखी चालते लाइन. ताई पण तिथेच, त्यांच्या बाजूला. आम्ही आपले पोटं आत घेऊन काम करतोय.

— पाहुणे गेल्यावर? जेवण. मग काम. हां, जेवणानंतर माझं मशीन अडकलं. मी ओढली. ताई आली, म्हणाली, “आभार हो, ठोक्याभाऊ.” मी म्हटलं, “आभार नका मानू, तेल द्या.” हसली. ठोक मारला, सुटलं. तिने माझ्याच डोक्यावरची दोरी ओढून घंटा बंद केली. बास. एवढंच.

— पोरीने कधी ओढली ते नाही माहीत. पाहुण्यांच्या वेळी तिचा हात वर गेलेला बघितल्यासारखं वाटतंय. पण मी पोट आत घेत होतो.

चौथा का: घंटा का बंद झाली?

आजच साहेबांच्या खोलीत काकांनी खडू मागितला. फळ्यावर माशाचा सांगाडा काढला: डोक्याच्या जागी ‘मोडलेलं हाड’, आणि दर काट्यावर एकेक कारण. माल. मशीन. पद्धत. माणूस.

‘माणूस’ या काट्यावर ते थांबले आणि पुढे काहीच लिहिलं नाही.

“अडलात?” साहेबांनी विचारलं.

“या पद्धतीत ‘का’ विचारायचं असतं, ‘कोण’ विचारायचं नसतं. कोण विचारलं की माणसं लपतात. का विचारलं की बोलतात. आयुष्यभर हेच शिकवत आलोय.”

“शिकवा हो, पण संध्याकाळ होत आली. सही करू ना?”

“सगळ्यांना बोलवा.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“ताई, धाकटी, ठोक्या. आणि तुम्ही उठू नका.”

ज्यांना स्वतः उत्तर काढायचंय त्यांनी पुढचं पान उलटू नये. लागणारं सगळं सांगून झालंय. कात्री विसरलात तरी चालेल, ती कोणाच्याही हाताला येते. धाकटी काय म्हणाली, ताई काय म्हणाली आणि ठोक्या कुठे बसतो, एवढं पुरे.

पाचवा का: तिने परत का ओढली नाही?

साहेबांनी पत्र टेबलावर ठेवलं. पेनचं टोपण काढलं.

धाकटीने पत्राकडे पाहिलं नाही. ती ताईकडे पाहत होती. एकटक. नजरेत राग नव्हता. आपलं माणूस स्टेशनवर घ्यायला येणार असं सांगितलेलं असावं आणि गाडीतली सगळी माणसं उतरून निघून जावीत, तेव्हा माणूस बघतं तशी बघत होती.

ताई पदराच्या टोकाशी खेळत होती.

“साहेब,” काका म्हणाले, “दोरी हिने कापली असती तर कशासाठी? घंटा वाजली नाही असं सांगता यावं म्हणून. बरोबर?”

“बरोबर.”

“मग ही का म्हणते, की वाजली? इतका खटाटोप करून बहाणा बनवायचा आणि तोच मोडून काढायचा? असा चोर मी पाहिलेला नाही. ज्याला ‘वाजली नाही’ या वाक्याची गरज होती, त्याने कापली. आणि मला इथे ते वाक्य एकाच माणसाने म्हटलंय.”

काकांनी ठोक्याकडे पाहिलं.

“आता दोरी कधी कापली? सकाळी, हिने ओढायच्या आधी, असं मला सांगण्यात आलं. ठोक्या, तुझी जागा हिच्या आधी की नंतर?”

“नंतर. मग पॅकिंग.”

“म्हणजे दोरी सकाळीच कापलेली असती, तर तुझी दोरीही मेलेली असती. जेवणानंतर तू ओढलीस तेव्हा काय झालं?”

“दिवा लागला, घंटा वाजली, ताई आ...” ठोक्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने ताईकडे पाहिलं आणि पटकन स्वतःच्या बुटांकडे. “मायला,” तो पुटपुटला.

“दोरी जेवणानंतरही धडधाकट होती. आणि हे त्याला जितकं माहीत, तितकंच त्याच्याजवळ येऊन, त्याच्या डोक्यावरची दोरी ओढून घंटा बंद करणाऱ्याला माहीत.”

साहेबांनी पेनचं टोपण लावलं.

“उरला एकच प्रश्न.” काका धाकटीकडे वळले. “साहेबांनी बंद केली तर तू परत ओढतेस. परत बंद केली तर परत. सगळी लाइन साक्षीला आहे. मग त्या दिवशी का नाही ओढलीस? घंटा कोणी बंद केली म्हणजे तू दुसऱ्यांदा ओढणार नाहीस? या कारखान्यात कोणाची नुसती मान हलली की तुला पुरते?”

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने पुसलं नाही.

“तिने तिथूनच मान हलवली,” ती म्हणाली. “बघते, म्हणून. मला वाटलं, बघितलं असेल. भांडारात विचारलं असेल. ताईने बंद केली म्हणजे ठीकच असणार. मी दिवसभर त्याच स्प्रिंगा बसवल्या, काका. प्रत्येक दाबताना बोटाला कळत होतं. पण ताईने मान हलवली होती.”

जे पद्धतीत विचारत नाहीत

ताई बोलायला लागली तेव्हा आधी साहेबांशी बोलली, मग काकांशी. बहिणीशी सगळ्यात शेवटी.

पाहुणे समोर उभे होते. साहेब म्हणत होते, पाण्यासारखी चालते लाइन. तेवढ्यात फळ्यावर ब्रेकचा दिवा. “मी हाताशी होती ती दोरी ओढली. मनात होतं, पाहुणे गेले की जाऊन बघते. मग जेवण, मग ठोक्याचं मशीन, मग विसरले. खरंच विसरले हो. शिफ्ट सुटताना हिच्या टेबलाशी आले. ही हात धुवायला गेलेली. खोक्यातली एक स्प्रिंग उचलली, दाबली, आणि ती लोण्यासारखी आत गेली. खुर्च्या गाडीत चढल्या होत्या.”

“गाडी फाटकात होती?” काकांनी विचारलं.

ताईने नुसती मान हलवली. म्हणजे होती.

“एक हाक मारायची होती.”

“आणि काय सांगायचं होतं? की मी न बघता बंद केली? ते ‘शून्य’ लिहिलेलं...” तिने साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग ती वळली. “बाळा, मी तुझ्यासाठीच कापली. तुझ्यावर यायला नको म्हणून. दोरीच तुटलेली म्हटल्यावर तुला कोण विचारणार होतं? मी तुला घरी सांगितलं ना, फक्त वाजली नाही म्हण. एवढंच म्हटलं असतंस तर...”

“आणि पत्र टाइप झालं तेव्हा?” धाकटीने विचारलं.

“मी साहेबांशी बोलणारच होते.”

“आत्ता पेनचं टोपण काढलं तेव्हा?”

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मी बघत होते तुझ्याकडे, ताई. तू नुसतं ‘थांबा’ म्हणाली असतीस ना, तरी मी काका काय म्हणतात ते सगळं खोटं पाडलं असतं. घंटा वाजली नाही असंही म्हटलं असतं. तेव्हा म्हटलं असतं.”

ठोक्याने उगीचच खोकून पाहिलं.

शेवटी काकांनी फळ्यावर कारणं लिहिली. घंटा लांबून बंद करता येते. यापुढे ज्याने ओढली त्याच्याच टेबलावरच्या बटणाने बंद होईल, म्हणजे जवळ जावंच लागेल. फाटकावरचा शून्याचा फळा उतरवायचा, कारण न थांबण्याला शाबासकी मिळाली की माणसं थांबत नाहीत. त्या कारणाकडे बोट दाखवून साहेबांनी विचारलं, “हे माझ्यावर घेताय?”

“तुमच्यावर नाही. फळ्यावर.”

माणसाचा काटा रिकामाच राहिला. साहेबांनी पत्र फाडलं आणि कोणी न विचारता म्हणाले, “बरं झालं. म्हणजे अहवालात कोणाचंच नाव नाही.” त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. ताईचंही.

“काका,” धाकटी म्हणाली, “तुमच्या पद्धतीत ‘कोण’ नसतं ना?”

“नसतं, पोरी.”

“माझ्या घरात असतं.”

काकांनी खडू खाली ठेवला. आयुष्यभर या प्रश्नापासून ते माणसांना वाचवत आले होते, आणि आता ज्या मुलीची नोकरी वाचवली तिच्यासाठी त्यांच्याकडे एकही काटा उरला नव्हता.

ती साहेबांकडे वळली. आवाज अगदी साधा, रजा मागावी तसा. “साहेब, मला दुसऱ्या शिफ्टला टाका.”

“कधीपासून?”

“आजच.”

साहेबांना हसू येता येता राहिलं.

“अगं, दुसरी शिफ्ट म्हणजे मी घरी येणार तेव्हा तू निघणार,” ताई म्हणाली. “तू घरी येशील तेव्हा मी झोपलेली. आपण भेटायचं कधी? घराला किल्ली एकच आहे.”

“चौकीदाराकडे ठेवत जाईन.”

त्या दिवसापासून संध्याकाळी भोंगा झाला की फाटकातून एक लोंढा बाहेर पडतो आणि एक आत जातो. चौकीदाराच्या खिडकीत खिळ्याला एक किल्ली असते. एक बहीण ती अडकवते आणि आत जाते. थोड्या वेळाने दुसरी ती काढून घेते. चौकीदार नवीन आहे. त्याला वाटतं, दोघी एकमेकींना ओळखत नसाव्यात.